सजवलेला पाळणा, सुरक्षित पाळणा: परळीच्या सुताराकडून घ्यावा की ऑनलाइन मागवावा?

इन्स्टाग्रामवर बाळाच्या खोलीचे रील पाहिले की सगळ्या खोल्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. पांढरा लाकडी क्रिब, आतून चारही बाजूंना बांधलेला फुगीर मऊ कठडा, ढगाच्या आकाराची उशी, वरून सोडलेला जाळीचा घुमट आणि कोपऱ्यात कापडी ससा. परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावातही हे रील डोहाळजेवणाच्या आधीच घरच्या ग्रुपवर फिरायला लागतात. ऑर्डर दिली की काही दिवसांत खोका दारात येतो.

गंमत अशी की, या फोटोत जे जे देखणं आहे, त्यातलं बहुतेक बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. उशी नको, मऊ खेळणी नकोत, सैल दुपटं नको. आणि तो फुगीर कठडा तर अमेरिकेत विकायलाच बंदी आहे.

मग पाळणा घ्यायचा तरी कोणता? आजोबांनी सुताराकडून करून घेतलेला, माळ्यावर धूळ खात पडलेला, की ऑनलाइन दिसतो तो? दोन्हींची तपासणी एकाच कसोटीवर करता येते. ती कसोटी बरीच जीव गेल्यानंतर ठरली आहे.

अमेरिकेत बंदी का आली?

'रॉक अँड प्ले' नावाचा झोपाळा फिशर-प्राइस या नामांकित कंपनीने २००९ मध्ये बाजारात आणला. बाळ त्यात तिरपं, अर्धवट बसल्यासारखं झोपे. रडणारी बाळं लगेच शांत होत, त्यामुळे तो तुफान खपला. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीला असे ४७ लाख झोपाळे परत मागवावे लागले. तोवर तिशीहून अधिक बाळांचे मृत्यू नोंदवले गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पुन्हा इशारा दिला, तेव्हा हा आकडा सुमारे १०० वर गेला होता.

त्याआधी एक बाजू खाली सरकवता येणाऱ्या क्रिबचं प्रकरण झालं होतं. आईला वाकावं लागू नये म्हणून केलेली ही सोय. पण सरकणाऱ्या बाजूचे खिळे-क्लिपा ढिल्या झाल्या की कडेला फट पडे आणि बाळ तिथे अडके. २००० नंतरच्या दहा वर्षांत किमान ३२ मृत्यू या रचनेशी जोडले गेले. जून २०११ पासून असे क्रिब बनवणं आणि विकणं तिथे बेकायदा ठरलं.

मे २०२२ मध्ये 'सेफ स्लीप फॉर बेबीज' कायदा झाला. बाळाला झोपवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूचा तळ १० अंशांपेक्षा जास्त तिरका नसावा आणि क्रिबच्या आत बांधायचे मऊ कठडे विकू नयेत, असं हा कायदा सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो लागू झाला.

मऊ आणि तिरकं एवढं धोक्याचं का?

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, एकूण लांबीच्या जवळपास चौथा भाग. मान मात्र अजून धरलेली नसते. तिरप्या किंवा खोलगट जागेत बाळ झोपलं की डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. मोठ्या माणसाचा श्वास अडला तर तो झोपेतही मान वळवतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. ते रडतही नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत कुणाला कळत नाही.

मऊपणाचा धोका वेगळा. नाक उशीत किंवा फुगीर कठड्यात रुतलं की बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं. प्राणवायू कमी होत जातो. म्हणून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने जून २०२२ मध्ये सुधारलेली सूचना चार शब्दांत मावते: पाठीवर, सपाट, घट्ट, मोकळं. बाळ पाठीवर झोपवावं, जागा सपाट असावी, गादी घट्ट असावी आणि पाळण्यात बाळाशिवाय काही नसावं. बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम तिथे १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

इथे आपल्याकडची राईची उशी आठवते. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली छोटी उशी बाळंतविड्यात हमखास असते आणि ती नको म्हटलं तर घरात वाद होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या सगळ्या उशा वापरू नका, असा स्पष्ट इशारा दिला. त्यांचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही आणि गुदमरण्याचा धोका मात्र वाढतो, हे त्यांचं कारण. बाळाचं डोकं एका बाजूने चपटं झालं तर बहुतेकदा ते वाढत्या वयात आपोआप भरून येतं. जागं असताना, कुणीतरी समोर बसून बाळाला रोज थोडा वेळ पोटावर ठेवलं की काम होतं. आजीला हे सांगणं अवघड, पण उशी पाळण्यातून काढून ओटीच्या सामानात ठेवली तर तिचा मानही राहतो.

सुताराचा पाळणा तपासायचा कसा?

परळीत सुताराकडून लाकडी पाळणा करून घेणं अजून थांबलेलं नाही. शिवाय लाकूड चांगलं असेल तर तो पाळणा दोन पिढ्या टिकतो. ऑनलाइन मिळणाऱ्या भुशाच्या फळीच्या क्रिबपेक्षा तो कमी सुरक्षित असतो, असं मुळीच नाही. फक्त सुताराला मापं सांगावी लागतात.

सर्वांत महत्त्वाचं माप उभ्या पट्ट्यांमधल्या अंतराचं. ते ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. थंड पेयाचा कॅन दोन पट्ट्यांमधून आरपार गेला तर अंतर जास्त आहे, असं समजावं. जुन्या पाळण्यांत हे अंतर हमखास मोठं असतं, कारण कमी पट्ट्यांत काम भागायचं. बाळाचं धड त्यातून घसरून बाहेर येतं आणि डोकं मागे अडकतं. माळ्यावरचा पाळणा काढताना कौतुकाआधी पट्टी काढावी ती यासाठी. अंतर जास्त निघालं तर पाळणा टाकून द्यायची गरज नाही, मध्ये आणखी पट्ट्या बसवून घेता येतात.

गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटांपेक्षा जास्त काही जाता कामा नये. गादी कापसाची असेल तर ती पिंजून फुगवलेली नको. हाताने दाबून सोडल्यावर खड्डा राहत असेल तर बाळाच्या तोंडाखालीही तो राहील. खरं सांगायचं तर चार पदरी घडी घातलेली जुनी सुती वाकळ, नीट ताणून, कडा खाली दुमडून घातली, तर ती बाजारातल्या फोमच्या गुबगुबीत 'बेबी नेस्ट'पेक्षा कितीतरी बरी.

कोपऱ्यांवर कळस किंवा लाकडी मोर कोरून घ्यायची हौस असते. कोपऱ्याचे खांब वर आलेले नकोत; अंगड्याचा बंद किंवा गळ्यातला दोरा त्यात अडकतो. हौस कठड्याच्या बाहेरच्या अंगाला भागवावी. तिथे कितीही नक्षी केली तरी बाळाला त्रास नाही.

आणि रंग. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुन्या पाळण्याचा रंग त्याआधीचा असतो. दात यायला लागले की बाळ कठडा चावतं, तो रंग थेट पोटात जातो. जुना रंग घासून काढायचा तर बाळंतीण आणि बाळ घरात नसताना, कारण ती धूळही विषारी असते. नवा पाळणा रंगवायचाच असेल तर डब्यावर शिसेविरहित असल्याची नोंद पाहून घ्यावी. नाहीतर लाकूड गुळगुळीत घासून तसंच ठेवलं तरी दिसायला वाईट नाही.

पाळण्यावर टांगलेलं चिमण्यांचं चिमणाळं बाळाच्या हाताला लागेल इतकं खाली नको, आणि बाळ हातांवर उठायला लागलं की ते काढून टाकावं. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपताना काढणं हे बऱ्याच घरांत पटत नाही. तो कमरेला किंवा पायात बांधायचीही रीत आहेच.

जाळीचा घुमट मच्छरांसाठी लागतो, हे खरं. मात्र जाळी ताणलेली हवी, बाळाच्या अंगावर लोंबणारी नको. परळीत औष्णिक केंद्राच्या राखेचा आणि धुळीचा प्रश्न जुना आहे, त्यामुळे जाळी वरचेवर धुवावी लागते आणि पाळणा खिडकीला खेटून ठेवणं टाळावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टोपडं, दुपटं, मोजे असा सगळा थाट बाळाला झोपेत नको. अंग फार तापणं हाही झोपेतल्या मृत्यूचा एक धोका मानला जातो.

टांगता पाळणा आणि साडीची झोळी

मराठवाड्यात बाळ जमिनीपासून वर टांगायची पद्धत उगाच पडलेली नाही. मातीच्या घरात विंचू, मुंग्या, ओल, उंदीर या सगळ्यांपासून ते दूर राहतं. ती अडचण खरी होती आणि वस्तीवर, शेतातल्या घरात आजही आहे.

सपाट तळाचा, चार साखळ्यांनी टांगलेला लाकडी पाळणा म्हणूनच वाईट नाही. त्याची कडी स्लॅबच्या सळईत बसवलेली हवी, प्लास्टरमध्ये ठोकलेली नको. चारही साखळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, म्हणजे तळ एका बाजूला कलत नाही. बाळ कुशीवर वळायला किंवा हात टेकून उठायला लागलं, साधारण चार-पाच महिन्यांनी, की टांगत्या पाळण्याची मुदत संपली. स्प्रिंगवर हलणाऱ्या झुल्यांत मोठ्या भावंडांची बोटं सापडतात, तेही पाहावं लागतं.

झोळीचं तसं नाही. तिचा तळ सपाट होऊच शकत नाही. बाळ कमानीसारखं वाकतं आणि हनुवटी छातीकडे जाते, म्हणजे जे 'रॉक अँड प्ले'मध्ये झालं तेच. न्यायवैद्यक नियतकालिकांत साडीच्या झोळीने फास बसल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यातली बरीच मुलं तान्ही नव्हती. झोळीत बसून गोल गोल गिरक्या घेणारी थोरली भावंडं होती. झोळी पूर्ण सोडवत नसेल तर निदान बाळ नजरेसमोर असतानाच वापरावी, आणि डोळा लागला की त्याला उचलून सपाट जागी ठेवावं. रिकामी झोळी लोंबती ठेवू नये. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, त्यापेक्षा हे जास्त पाळण्यासारखं आहे.

आणि आईची कूस? आपल्याकडे बहुतेक बाळं तिथेच झोपतात. अमेरिकेतले डॉक्टर म्हणतात, बाळ पहिले सहा महिने तरी आईच्या खोलीत असावं, पण वेगळ्या अंथरुणावर. ब्रिटनची आरोग्यसेवा जरा नरम आहे. बाळ अकाली जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, अंथरुणात कुणी विडी-सिगारेट ओढणारं किंवा दारू प्यायलेलं असेल, तर मात्र एकत्र झोपू नये, असं तीही सांगते. सोफ्यावर बाळ घेऊन झोपणं सर्वांत वाईट. बाळाला स्वतंत्र सजवलेली खोली देणं ही गोष्ट फोटोपुरती ठीक. रात्री पाळणा आईच्या हाताच्या अंतरावरच बरा.

कुकरला शिक्का लागतो, पाळण्याचं काय?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून घरगुती प्रेशर कुकरवरही. २०२२ मध्ये चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला एक लाख रुपये दंड केला होता.

पण खेळण्यांचा आदेश खेळण्यांपुरताच आहे. म्हणजे पाळण्यावर टांगलेला खुळखुळा त्यात बसतो, ज्याच्यात बाळ रोज पंधरा-सोळा तास झोपतं तो पाळणा बसत नाही. ऑनलाइन जाहिरातीतल्या 'प्रीमियम', 'बेबी सेफ', 'डॉक्टरांनी सुचवलेला' अशा शब्दांमागे चाचणी असेलच असं नाही. काही कंपन्या युरोपातलं 'ईएन ७१६' किंवा अमेरिकेतलं 'एएसटीएम एफ११६९' मानक लिहितात. लिहिलं असेल तर चाचणीचा अहवाल मागावा. जी कंपनी तो देते तिचा क्रिब चार पैसे महाग असला तरी परवडला. सदोष वस्तू बाजारातून परत मागवायला लावण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने या प्राधिकरणाला दिला आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाळण्याची तक्रार तिथे करता येते. ती क्वचितच कुणी करतं, आपण 'बाळाचं नशीब' म्हणून मोकळे होतो.

ज्यांच्यासाठी पाळणा हा निवडीचा प्रश्नच नाही

बीड जिल्ह्यातल्या बाळांविषयी बोलायचं आणि ऊसतोडीविषयी बोलायचं नाही, हे जमणार नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. बाई बाळंत होऊन महिना झाला तरी कोयता मोडत नाही. बाळ सोबत जातं आणि फडाच्या कडेला, झाडाला किंवा ट्रॉलीला बांधलेल्या झोळीत झोपतं. तिथे वर लिहिलेले सगळे धोके असतात, शिवाय मागेपुढे होणारे ट्रॅक्टर.

सरकारी मदत आहे, पण ती वयात अडते. केंद्राच्या 'मिशन शक्ती'तली पाळणाघर योजना, जिचं नावच 'पालना' आहे, ती सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा हिशेब जुळतो. ऊसतोड करणाऱ्या बाईला अशी रजा नाही. झोपेतल्या अचानक मृत्यूंचा धोका सर्वांत जास्त असतो तो दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, नेमका त्याच काळात बाळ कोणत्याच योजनेच्या छपराखाली नसतं.

२०१९ मध्ये राज्याने बेबी केअर किट योजना सुरू केली. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री पंकजा मुंडे परळीच्याच आमदार होत्या. सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी दोन हजार रुपयांपर्यंतच्या या संचात कपडे, छोटी गादी, मच्छरदाणी, तापमापक असं सामान होतं. गादी होती, पण ती ठेवायची कशात, हा प्रश्न संचात सुटलेला नव्हता. फिनलंड १९३८ पासून असाच संच देतो, फरक एवढाच की तिथला पुठ्ठ्याचा खोका हेच बाळाचं पहिलं अंथरूण असतं. तळाशी मापाची घट्ट गादी बसते.

बीडसाठी त्याहून जवळचं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. तिथल्या माओरी समाजात आई-बाळ एकत्र झोपण्याची रीत आहे आणि झोपेतल्या मृत्यूंचं प्रमाणही मोठं होतं. रीत सोडा असं सांगून फरक पडेना. मग २००० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या विणकर बायका आणि डॉक्टरांनी मिळून स्थानिक पातीची, सपाट तळाची, उभ्या काठाची टोपली तयार केली, 'वहाकुरा'. ती आईच्या अंथरुणातच, तिच्या शेजारी ठेवायची. २०११ च्या भूकंपानंतर तशीच प्लास्टिकची पेटीही वाटली गेली. विडी-सिगारेटपासून बाळाला दूर ठेवण्याच्या समजुतीसह हे वाटप झालं आणि पुढच्या वर्षांत न्यूझीलंडमधले बालमृत्यू लक्षणीय घटले.

बांबूच्या टोपल्या विणणारे बुरूड मराठवाड्यात आहेत आणि बाळाला सुपात ठेवायची रीतही. फडावर नेता येईल अशी टोपली त्यांच्याकडून विणून घ्यायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. तळ सपाट हवा, काठ उभे आणि कडा कापडाने मढवलेल्या हव्यात, किटमधली गादी त्यात कडेला फट न राहता बसली पाहिजे आणि मच्छरदाणी वरून ताणता आली पाहिजे. ठेवायची ती ट्रॅक्टरच्या वाटेपासून लांब, कुणाच्या तरी नजरेत. बाळ कुशीवर वळू लागलं की टोपलीचं काम संपतं, म्हणजे ती फार तर चार-पाच महिने वापरायची. गाळप हंगामही साधारण तेवढाच चालतो.